फिट औषधांना दाद देत नाही तेव्हा

मुलाला पहिली फिट येते, ईईजी होतो, एमआरआय होतो, डॉक्टर औषध लिहून देतात. बहुतेक घरांत पुढची काही वर्षं औषध वेळेवर द्यायचं, एवढंच काम उरतं. अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचं मात्र असं होत नाही. एक औषध होतं, दुसरं होतं, डोस वाढतात, दोन औषधं एकत्र दिली जातात, तरी फिट येतच राहतात. कुणाची मान दिवसातून वीस-तीस वेळा गपकन खाली जाते, कुणी चालता चालता लाकडाच्या ओंडक्यासारखं पडतं. आलेले शब्द मूल विसरायला लागतं, तेव्हा आईवडिलांचा धीर सुटतो.

आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये याची व्याख्या ठरवून दिली. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली आणि रुग्णाला सोसलेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजायचा. दोनच का, याचं उत्तर ग्लासगोमध्ये झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडतं. नव्याने निदान झालेल्या रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने फिटमुक्त झाले, आणखी १३ टक्के दुसऱ्याने. तिसऱ्या औषधाने किंवा औषधांच्या जोडीने त्यात जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. दोन औषधं हरल्यावर तिसरं, चौथं, पाचवं औषध देत बसण्यातून फार थोड्यांच्या हाती काही लागतं. तरीही आपल्याकडे अनेक मुलांची वर्षं त्यातच जातात.

या टप्प्यावर चांगला बाल-मेंदूविकारतज्ज्ञ आधी मागे वळून पाहतो. निदान बरोबर होतं ना? ज्या प्रकारच्या फिट आहेत, त्यांच्यासाठीच औषध दिलं होतं ना? डोस चुकत नव्हते ना? मेंदूच्या एखाद्या ठरावीक जागेतून फिट उगम पावत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि जिथे ती शक्य आहे तिथे ती टाळू नये. बाकीच्या मुलांसाठी, म्हणजे बहुसंख्य मुलांसाठी, जो मोठा पर्याय उरतो तो ताटातला आहे. त्याला केटोजेनिक आहार म्हणतात. वजन कमी करण्यासाठी इंटरनेटवर फिरणारा ‘कीटो’ डोक्यात असेल, तर तो इथेच बाजूला ठेवावा. इथे आहार औषधासारखा मोजून, लिहून दिला जातो आणि त्याच्यावर रक्त-लघवीच्या तपासण्यांची नजर असते.

कल्पना जुनी आहे. उपवासात फिट थांबतात, हे माणसाने फार पूर्वीच पाहिलं होतं. १९११ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी, गेल्पा आणि मारी यांनी, उपवासाचा उपचार म्हणून वापर केल्याचं नोंदवलं. पण मुलाला उपाशी किती दिवस ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी वेगळा विचार मांडला. उपवासात शरीर साखर सोडून चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. मग भरपूर स्निग्ध आणि अगदी थोडी कर्बोदकं असं जेवण दिलं, तर पोट भरलेलं असतानाही शरीर त्याच अवस्थेत राहील. त्याच संस्थेतल्या पीटरमन यांनी काही वर्षांतच त्याचं गणित बसवलं: वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळं स्निग्ध. शंभर वर्षांनंतरही पाया हाच आहे.

पुढे १९३८ च्या सुमारास फेनिटोइन आलं. गोळी देणं सोपं, प्रत्येक घास मोजणं कठीण. आहार मागे पडला आणि मोजक्या रुग्णालयांत उरला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी तो चालू ठेवला होता. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स आपल्या चार्ली या लहानग्याला घेऊन तिथे पोहोचले. कितीतरी औषधं झाली होती, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली होती, फिट थांबत नव्हत्या. आहार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या थांबल्या. हा पर्याय आपल्याला आधी कुणी का सांगितला नाही, याचा वडिलांना आलेला राग सत्कारणी लागला: त्यांनी चार्ली फाउंडेशन काढलं, मेरिल स्ट्रीपला घेऊन १९९७ मध्ये या विषयावर चित्रपट केला, आणि जगभरातल्या डॉक्टरांनी आहाराकडे पुन्हा पाहिलं. एका बापाच्या हट्टामुळे विज्ञानाची फाइल पुन्हा उघडली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

आता गणित. पारंपरिक केटोजेनिक आहार ‘चारास एक’ या प्रमाणात असतो: ४ ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. स्निग्धाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, बाकी दोन्हींतून प्रत्येकी ४. म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धाच्या ३६ आणि उरलेल्या एका ग्रॅमच्या ४, अशा ४० कॅलरींचा एक घटक झाला. समजा, मूल १२ किलोचं आहे आणि त्याला दिवसाला १००० कॅलरी हव्यात. हजाराला चाळीसने भागलं की २५ घटक येतात. दिवसभरात १०० ग्रॅम स्निग्ध, आणि प्रथिनं व कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. त्यातली १५ ग्रॅम प्रथिनं वाढीसाठी राखून ठेवली, तर कर्बोदकांना उरतात फक्त १० ग्रॅम. हे तीन जेवणांत वाटलं की प्रत्येक जेवणात सुमारे ३३ ग्रॅम स्निग्ध, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे तूप किंवा तेल, ५ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम ३ ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं असतात, हे लक्षात घेतलं की हा आहार किती काटेकोर आहे ते कळतं. (हे उदाहरण गणित समजावं म्हणून दिलं आहे. प्रत्येक मुलाचे आकडे आहारतज्ज्ञच ठरवतात, आणि ते महिन्या-महिन्याला बदलतात.)

म्हणून स्वयंपाकघरात सगळ्यात आधी येतो तो एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. पनीर, अंडं, दुधी, काकडी, साय, लोणी, सगळं त्याच्यावरून जातं. मुलाने पनीर खाल्लं आणि तूप वाटीला चिकटून राहिलं, तर त्या जेवणाचं प्रमाण चुकलं. आहारतज्ज्ञ आयांना रबरी चमच्याने वाटी निपटून भरवायला शिकवतात ते यासाठीच. तूप भाजीत मुरवायचं, अंड्यात फेटायचं, सायीत कालवायचं. नुसतं चमच्याने पाजलं तर मूल दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतं.

आपल्या स्वयंपाकाबद्दल इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पोळी सोडून ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी दिली की झालं, असं अनेकांना वाटतं. भाकरी पौष्टिक आहे यात शंका नाही, पण या हिशोबात ती पोळीच्याच रांगेत बसते. वरण-भातही तसाच. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. उलट ओल्या नारळाचा चव, शेंगदाणे, तीळ, बदाम, पनीर, अंडी, मासे हे सगळं मोजून चालतं. कोकणात आणि गोव्यात नारळ हाताशी असल्याने तिथल्या घरांना चव राखणं थोडं सोपं जातं. बदामाच्या किंवा खोबऱ्याच्या पिठाची धिरडी, पनीरचे कटलेट, खोबऱ्याच्या दुधातलं अंडं, असे पदार्थ आयांनी आहारतज्ज्ञांच्या मदतीने उभे केले आहेत, आणि त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

इतकं करून मेंदूत नेमकं काय होतं? यकृत स्निग्धाम्लांपासून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हे कीटोन बनवतं. ते रक्तातून मेंदूत जातात आणि साखरेऐवजी पेशींचं इंधन होतात. पेशींतली ऊर्जाकेंद्रं जास्त समर्थ होतात, चेतापेशींना शांत ठेवणाऱ्या गाबा आणि अ‍ॅडिनोसिन या रसायनांचं पारडं जड होतं, आणि पेशींची एकदम पेटून उठण्याची वृत्ती कमी होते, असं पुरावे सुचवतात. डेकॅनोइक आम्ल हे एक स्निग्धाम्ल तर चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टरना) थेट अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासाने आतड्यातल्या जिवाणूंचाही यात हात असल्याचं दाखवलं. एकच किल्ली सापडलेली नाही. बऱ्याच गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि कदाचित म्हणूनच वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या अपस्मारात हा आहार उपयोगी पडतो.

एका आजारात मात्र कारण अगदी स्वच्छ आहे. रक्तातली साखर मेंदूत नेणारं ग्लुट-१ नावाचं प्रथिन काही मुलांत जन्मतःच कमी असतं. १९९१ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन झालं. या मुलांच्या रक्तात साखर पुरेशी असते, पण मेंदू उपाशी राहतो. मणक्यातलं पाणी तपासलं की त्यात साखर कमी सापडते. कीटोन मेंदूत जातात ते वेगळ्या दाराने, त्यामुळे इथे आहार हाच पहिला उपचार आहे, औषधं निकामी ठरण्याची वाट पाहायची नाही. तान्ह्या वयातले आकडीचे झटके, ड्रावे सिंड्रोम, उभं असलेलं मूल क्षणात कोसळवणारा डूसे प्रकार, ट्यूबरस स्क्लेरोसिस, यांतही आहाराचा गुण चांगला येतो. बाटलीने दूध पिणाऱ्या किंवा नळीतून अन्न घेणाऱ्या मुलांना तो द्यायलाही सोपा, कारण तयार फॉर्म्युला मोजून देता येतो आणि आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही.

पण काही मुलांना हाच आहार घातक ठरतो. ज्यांचं शरीर स्निग्धाम्लं जाळूच शकत नाही, ज्यांना जन्मजात कार्निटिनची कमतरता आहे, ज्यांच्यात पायरुव्हेट कार्बोक्सिलेज हे विकर कमी आहे किंवा ज्यांना पॉर्फिरिया आहे, त्यांना हा आहार देता येत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी रक्तातील अ‍ॅसिलकार्निटिन, लघवीतील सेंद्रिय आम्लं, यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या होतात. इंटरनेटवरचा तक्ता पाहून घरच्या घरी हा आहार सुरू करू नये, असं डॉक्टर बजावतात ते या मुलांसाठी.

पूर्वी सुरुवातीला मुलाला रुग्णालयात ठेवून एक-दोन दिवस उपाशी ठेवत. आता ते गरजेचं मानत नाहीत. प्रमाण हळूहळू वाढवत नेलं तरी परिणाम तोच येतो. लहान बाळांना मात्र भरती करूनच सुरू करतात, कारण त्यांची साखर झपकन खाली येऊ शकते. घरी आल्यावर लघवीत पट्टी बुडवायची; गुलाबी ते गडद जांभळा असा रंग जितका गडद, तितके कीटोन जास्त. काही केंद्रं बोटाच्या टोकाच्या रक्तावर मीटरने मोजायला सांगतात, ते जास्त अचूक असतं. सोबत एक वही: तारीख, फिटची वेळ, प्रकार, कीटोनचा रंग, काय खाल्लं. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात ही वही पडणं कुठल्याही तोंडी वर्णनापेक्षा मोलाचं.

साखर कुठून कुठून शिरते, हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. तापाच्या सिरपमध्ये साखर असते, खोकल्याच्या औषधात असते, चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळीत असते. अपस्माराचं औषध सिरप स्वरूपात चालू असेल तर डॉक्टर शक्यतो गोळीवर आणतात. आपत्कालीन विभागात नेलं तर लावली जाणारी सलाइन बरेचदा ग्लुकोजची असते. म्हणून मुलाच्या दप्तरात आणि आईच्या पर्समध्ये ‘केटोजेनिक आहारावर आहे, ग्लुकोज देण्याआधी या डॉक्टरांना फोन करा’ अशी चिठ्ठी असावी. रक्तातली साखर खरोखर खाली गेली असेल तर ग्लुकोज द्यावंच लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा. आणि घरात? आजी प्रसाद म्हणून खडीसाखर देते, शेजारी वाढदिवसाचं चॉकलेट देतात, गणपतीत मोदक येतात. एका उकडीच्या मोदकात अशा मुलाचा अख्ख्या दिवसाचा कर्बोदकांचा वाटा सहज संपतो. एवढ्या एका घासाने कीटोन खाली येतात आणि काही मुलांत फिट परत येते. आजीला रागावून उपयोग नाही. तिला आहारतज्ज्ञांसमोर बसवावं. कारण समजलं की त्याच आजीबाई घरातल्या सगळ्यात कडक पहारेकरी होतात.

दुष्परिणाम आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बद्धकोष्ठता जवळपास ठरलेली. सुरुवातीला उलट्या, सुस्ती, रक्तातलं आम्ल वाढणं. कोलेस्टेरॉल वाढू शकतं, उंची-वजनाचा वेग मंदावू शकतो, काहींना मुतखडा होतो. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही औषधं सोबत असतील तर खड्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. पाणी भरपूर द्यायचं. खडा टाळण्यासाठी अनेक केंद्रं पोटॅशियम सायट्रेट देतात. फळं, धान्यं इतकी कमी झाल्यावर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बाकीची जीवनसत्त्वं बिनसाखरेच्या स्वरूपात बाहेरून द्यावीच लागतात, ती ऐच्छिक नाहीत. ताप-जुलाबात मूल मलूल झालं, श्वास जोरात चालू लागला, उलट्या थांबेनात, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

इतकं कडक सगळ्यांनाच झेपत नाही, म्हणून सौम्य प्रकार निघाले. मध्यम लांबीच्या साखळीच्या तेलावर, म्हणजे एमसीटी तेलावर आधारलेला आहार १९७१ मध्ये आला. खोबरेल तेलात अशी स्निग्धाम्लं थोडी असतात, पण उपचाराचं तेल वेगळं, ते मेडिकलमधून घ्यावं लागतं. २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सुधारित अ‍ॅटकिन्स आहार आला: कर्बोदकं दिवसाला १० ते २० ग्रॅम, स्निग्ध भरपूर, प्रथिनांना आणि कॅलरींना मर्यादा नाही, प्रत्येक घास तोलायची गरज नाही. २००५ मध्ये बॉस्टनमधून तिसरा प्रकार आला. त्यात कर्बोदकं ४० ते ६० ग्रॅमपर्यंत चालतात, फक्त ती रक्तातली साखर हळू वाढवणारी हवीत.

गुण किती येतो? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १४५ मुलांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. ज्यांना आहार दिला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. दिल्लीच्या एम्समध्ये सुधारित अ‍ॅटकिन्स आहारावर १०२ मुलांची चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली: ५२ टक्के विरुद्ध साडेअकरा टक्के. आहारावरच्या ३० टक्के मुलांच्या फिट तर ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. एम्सनेच २०२० मध्ये पारंपरिक आहार आणि हे शेवटचे दोन सौम्य प्रकार यांची १७० मुलांत तुलना केली. २४ आठवड्यांनी फिटची घट, मध्यक धरला तर, पारंपरिक आहारात ६६, सुधारित अ‍ॅटकिन्समध्ये ४५ आणि हळू साखर वाढवणाऱ्या आहारात ५४ टक्के होती. या शेवटच्या प्रकारात दुष्परिणाम सगळ्यात कमी दिसले. या चाचण्यांत कुणाला काय दिलं ते लपवता येत नाही, आणि मुलांची संख्याही मोठी नसते. तरी ज्या मुलांची दोन-तीन औषधं आधीच हरली आहेत, त्यांच्यासाठी हे आकडे चौथ्या औषधापेक्षा कितीतरी आशादायक आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईतही हे काम जुनं आहे. डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी १०५ भारतीय मुलांचा अनुभव २००९ मध्ये ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये मांडला होता. भारतीय शाकाहारी घरात हा आहार चालू शकतो का, या शंकेला त्यातून उत्तर मिळालं. दिल्लीच्या आणखी एका गटाने कमी शिकलेल्या पालकांसाठी सुधारित अ‍ॅटकिन्स आहार घरातल्या वाटी-चमच्याच्या मापात बसवला, आणि त्या मुलांच्याही फिट लक्षणीय कमी झाल्या. आई शाळेत गेलेली नाही, म्हणून तिला जमणार नाही, असं ठरवून हा पर्यायच न सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

आहार किती दिवस? गुण येतो की नाही, ते कळायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. नाही आला, तर सोडून द्यायचा, त्यात आईचा दोष नसतो. आला, तर सुमारे दोन वर्षं चालवून मग दोन-तीन महिन्यांत प्रमाण उतरवत नेहमीच्या जेवणावर आणायचं. ग्लुट-१ च्या मुलांना बरीच जास्त वर्षं लागतात, तान्ह्या वयातल्या झटक्यांत कमी. आहारावर फिट पूर्ण थांबलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या त्या आहार सोडल्यावरही थांबलेल्याच राहतात. औषधं या काळात चालूच असतात. ती कमी करायची की नाही, कधी करायची, हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं. आहार चांगला चालला आहे म्हणून मनाने गोळी बंद करणं फार धोक्याचं, त्यातून न थांबणारी फिट येऊ शकते.

तुमच्या घरात, नात्यात किंवा वर्गात असं मूल असेल आणि त्याची दोन औषधं नीट देऊनही फिट थांबत नसतील, तर पुढच्या भेटीत फिटची वही सोबत नेऊन डॉक्टरांना सरळ विचारा: ‘याला आहाराचा उपचार चालेल का, आणि जवळचं केटोजेनिक आहाराचं केंद्र कोणतं?’ पाचव्या औषधापर्यंत थांबू नका.